दिवटीचं तेल आणि डोरीनच्या शेजारची खुर्ची

मी निघाले त्या दिवशी गावचा बाजार होता, म्हणून आप्पा दुकानातून उठले नाहीत. जीप दारात उभी होती, आई पदर डोळ्याला लावून ओट्यावर बसली होती, आमचे हे सारखं घड्याळ बघत होते, आणि आप्पा एका म्हातारीला तुरीची डाळ जोखून देत होते. डाळ दिली, पुडी बांधली, हात धोतराला पुसले आणि मग पायरीवर आले. "वाटंवरची धर्मापुरी गेली की मागं बघू नको," म्हणाले. "पुढचं दिसत न्हाई मग." आणि परत तराजूकडे गेले, कारण दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

पोटची पोर सातासमुद्रापार चालली आहे आणि बापाला डाळीचं पडलंय, या रागात मी परळीपर्यंत आले. आप्पांना गिऱ्हाईक टाकून उठता येत नाही हे कळत होतं. पण कळणं वेगळं आणि त्या वयात सोसणं वेगळं.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या दोघांसाठीही मी हे लिहितेय. दोघांनाही ते अर्धं अर्धंच समजेल, पण माझा इलाज नाही. ते खाउजाचे, म्हणजे खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणाचे दिवस होते. आप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपेवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. ओट्याच्या कोपऱ्यात पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी बूथ आला होता. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. आमचे हे पुण्यात शिकले आणि एका कंपनीनं त्यांना उचलून इंग्लंडच्या उत्तरेत, बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या एका गावात नेऊन ठेवलं. त्यांच्या मागोमाग मी.

हे सकाळी जायचे ते संध्याकाळीच यायचे. मी खिडकीशी बसून राहायची. गावात मला घडीभर एकटं बसायला मिळत नव्हतं, इथं बोलायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. शेवटी दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायचं काम धरलं. बी.एस्सी. झालेली पोर चादरी घडी करते, हे मी घरी कळवलं नाही. चादरीचं दुसरं टोक धरायला समोर डोरीन असायची. साठीची, जाड भिंगाची, तोंडाची फटकळ. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता. एका शुक्रवारी ती म्हणाली, उद्या मॅचला चल, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते आणि मला ती बघवत नाही.

फुटबॉल मला ओ की ठो कळत नव्हता. आमच्याकडे खेळ म्हणजे जत्रेतली कुस्ती. पण त्या मैदानात मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ओळखली. तिथं प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मागच्या रांगेतला टोपीवाला, पुढचे बाप-लेक, जिन्याकडेचा खोकणारा गृहस्थ, सगळे आपापल्या खुर्चीत. एखादा आजारी असला तर त्याची खुर्ची तशीच राहायची. संघ बहुतेक वेळा हरायचा. लोक त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे आणि पुढच्या शनिवारी त्याच जागी येऊन बसायचे.

याला सीझन तिकीट म्हणतात. वर्षभराचं तिकीट, एकच खुर्ची. मोसम संपला की ठरल्या तारखेच्या आत पुढच्या वर्षाचं घ्यायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. पहिलं वर्ष मी डोरीनच्या नवऱ्याच्या तिकिटावर बसले. दुसऱ्या वर्षी तिनं मला तिकीटखिडकीवर उभं केलं आणि ती खुर्ची माझ्या नावावर करून दिली. तिकिटाच्या पुस्तकावर माझं नाव छापलेलं होतं, नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. मी ते घरी आणून देवापुढे ठेवलं आणि त्याला विभूती लावली. पुढच्या शनिवारी फाटकावरचा माणूस ते बोटानं पुसत राहिला, त्याला वाटलं सिगारेटची राख सांडलीय.

हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगितलं. मला वाटलं, हसतील. पण ते म्हणाले, "म्हंजे मान हाय म्हण की तुजा."

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गावच्या महादेवाची पालखी चैत्रात निघते. तिच्यापुढे दिवट्या असतात आणि वेशीत शिरायच्या आधी पालखी आमच्या दुकानाच्या दारात थांबते. पहिल्या दिवटीला तेल आमच्या घराचं. घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं बुधलीतून तेल घालायचं, तोवर पालखी पुढे हलत नाही. दुष्काळात दुकानातले डबे उपडे पडले होते, तेव्हाही आप्पांनी कुठूनतरी तेल आणून घातलं होतं. एखाद्या वर्षी घरचा हात पुढे आला नाही तर मान पुढच्या घराला जातो आणि परत येत नाही. आप्पांना आम्ही दोघी लेकीच, त्यात मी थोरली. त्यांच्यानंतर तेल चुलतभाऊ शिवाच्या हातात जाणार, हे मला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं. लेकीला माहेरचा मान नसतो. तिला साडीचोळी असते.

म्हणून त्या खुर्चीचं मला एवढं वाटायचं. हसायचं त्यानं हसावं.

मग क्लबाचे दिवस फिरले. टीव्हीवाल्यांचा पैसा येणार म्हणून मालकानं मोठमोठे खेळाडू आणले होते. तो पैसा आटला, मालक निघून गेला आणि कोर्टानं नेमलेला एक माणूस कुलपं-किल्ल्या ताब्यात घेऊन बसला. खेळाडूंचे पगार थांबले. मैदान विकून तिथं दुकानं होणार अशी बोलवा उठली. फाटकावर म्हातारी माणसं बादल्या घेऊन उभी राहायला लागली आणि येणारेजाणारे त्यात नाणी टाकायचे. वसंतात क्लबानं सांगितलं, पुढच्या मोसमाची तिकिटं आत्ताच घ्या. पुरेशी खपली तर क्लब जगेल. नाही जगला तर पैसे परत मिळणार नाहीत.

आमचे हे त्यावर म्हणाले, "आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय." त्यांचं चूक नव्हतं. त्याच सुमारास त्यांच्या कंपनीतूनही माणसं काढत होते. पण तिकीट घेतलं नाही तर खुर्ची जाणार, आणि खुर्ची गेली तर या मुलखात माझी म्हणावी अशी जागा कुठली, हे काही सुचेना. शेवटी आप्पांनाच विचारलं. क्लब राहील का जाईल ते कुणाला माहीत नाही, म्हटलं, आणि पैसे मात्र आत्ता मागतात.

"कळस शाबूत हाय का बघून तेल घालतेत का बे कुणी?" आप्पा म्हणाले. ते मला लहानपणापासून पोरासारखंच 'बे' म्हणायचे. "देवाचं देव बघील. दिवटी इझू द्यायची न्हाई, तेवढंच आपल्याकडं हाय."

शनिवारी तिकीट घ्यायचं ठरवलं. गुरुवारी फोन आला, आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. मी डोरीनला धुलाईघराच्या दारातूनच सांगितलं आणि विमानतळ गाठला. तिकिटाचं ध्यानातही राहिलं नाही.

आप्पांची उजवी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण शुद्धीवर होते. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली होती. मी गेले तेव्हा जत्रा तोंडावर आली होती आणि घरात कुणी तेलाचं नाव काढत नव्हतं. पालखीच्या दिवशी संध्याकाळी हलगी जवळ येत गेली. आप्पांनी मला डाव्या हातानं खुणावलं आणि कोनाड्यातली बुधली घ्यायला लावली. मी बुधली घेऊन दारात आले. भोयांनी पालखी थांबवली. पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर बाजूला नेली. शिवा त्यांच्यामागे उभा होता, खाली मान घालून.

आतून आप्पांचा आवाज आला. "तिच्या हातानं घाला. माजीच हाय ती."

म्हातारा वाईट माणूस नव्हता. मला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो हळूच म्हणाला, "बाई, तू लई लांबची झालीस. दिल्या घरची लेक. देवाला तिष्ठत ठिऊ नको." कुणी आवाज चढवला नाही. हलगी थांबली होती, दिवटी धुरकटायला लागली होती आणि सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं. शिवा पुढे आला. मी बुधली त्याच्या हातात दिली. त्यानं तेल घातलं, ज्वाळ वर आली, लोकांनी हर हर महादेव केला आणि पालखी पुढे गेली.

मी आत आले तर आप्पा छताकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "दिवटी पेटली का?" पेटली, म्हटलं. "मग झालं," म्हणाले, आणि डोळे मिटले. माझं मात्र झालं नव्हतं. त्या रात्री मला गावातल्या एकूणएक माणसाचा राग आला, आणि आप्पांना राग का येत नाही याचाही आला.

जत्रेनंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले. आमच्यात अग्नी देत नाहीत. मळ्याच्या कडेला त्यांना बसवून समाधी दिली. माती लोटायला मीही हात लावला, तेव्हा मात्र कुणी अडवलं नाही. आईला माझ्या धाकट्या बहिणीकडे ठेवलं, दुकानाची किल्ली शिवाच्या हवाली केली आणि मी परत फिरले. धर्मापुरी गेल्यावर मी मागे बघितलं. काही दिसलं नाही, नुसता फुफाटा.

परत आले तोवर तिकिटाची तारीख केव्हाच उलटून गेली होती. क्लब मात्र कसाबसा वाचला होता. लोकांनीच वर्गणी काढून तो चालवायला घेतला होता. चांगले खेळाडू सोडून गेले होते आणि संघ खालच्या वर्गात उतरला होता. मी मनाशी म्हटलं, तिथली जागा गेली, इथलीही गेली, आता चादरी घडी करायच्या आणि गप्प राहायचं. पहिल्या मॅचच्या दिवशी डोरीन दारात येऊन उभी राहिली. चल म्हणाली. माझी खुर्ची कुणाला गेली ते बघायला मी तिच्याबरोबर गेले.

खुर्ची रिकामी होती. तिकीट डोरीनच्या पिशवीत होतं. शेवटच्या दिवशी ती खिडकीवर गेली होती. ज्याचं तिकीट त्यानंच यायला हवं, असं आतला माणूस म्हणाला, तर ही तिथून हललीच नाही, मागची रांग कावली तरी. तिनं त्याला काय सांगितलं ते टोपीवाल्यानं मला नंतर सांगितलं. "ती बापाचं करायला गेलीय. तिचं झालं की येईल. ती तिची जागा आहे." समुद्रकाठी आठवडाभर राहायला तिनं जमवलेले पैसे त्या तिकिटात गेले होते. मी खुर्चीत बसले आणि आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा रडले, हजारो अनोळखी माणसांत, मोठ्यानं. डोरीननं थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला आणि मैदानाकडे बघत राहिली.

ते वर्ष आम्ही हरतच काढलं. चैत्र आला तेव्हा मोसमाची अखेरची मॅच होती. नेमकी त्याच शनिवारी गावात पालखी होती. खेळ नुकताच सुरू झाला होता आणि माझ्या पिशवीतला मोबाईल वाजला. दुकानाच्या बूथवरून शिवा बोलत होता. मागे हलगी ऐकू येत होती.

"आक्का, पालखी दारात हाय. तेल घालू का?"

मला काही समजेना. "मला कावून इचारतोस?" म्हटलं. "मान तुजा हाय आता."

"मान घराचा हाय," शिवा म्हणाला. "घरचं थोरलं मानूस तू हायस. तुला इचारल्याबिगर कसं घालू? पंच खोळंबलेत, बोल."

म्हणजे पंच तिथं उभे होते, भोई उभे होते, आणि शिवानं फोन हातात धरून सगळ्या गावाला थांबवून ठेवलं होतं. इकडे आमच्या लोकांनी आरडाओरडा चालवला होता, मला ऐकूही येईना. डोरीननं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे वळून रांगेला दटावलं, हिच्या घरून फोन आहे, जरा गप्प बसा. आणि खरोखरच आमच्या आसपासचे लोक गप्प झाले.

"घाल, शिवा," मी म्हणाले.

तेव्हापासून दर चैत्रात फोन येतो. घर कुठं तुझं, असं कुणी विचारलं की मला अजून नीट उत्तर देता येत नाही, पण त्याचं आता वाईट वाटत नाही. मी जागेवर नसले तर ती कुठं आहे म्हणून विचारणारी माणसं दोन गावांत आहेत.