खाचेत एक, हेलिकॉप्टरमध्ये एक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर वेड्यात काढलंय. त्यामुळे आता माझी खेचायची तर खुशाल खेचा... पण आधी पूर्ण वाचा.

मी लंडनला, पिनर भागात राहते. आठवडाभर मेडनहेडला सॉफ्टवेअरची नोकरी, वीकेंडला रिझर्व्ह फौजेत हेलिकॉप्टर टेक्निशियन. आमची एव्हिएशन कमांड अशाच लोकांवर चालते — कोणी प्लंबर, कोणी टीचर, युनिट्स देशभर विखुरलेली. रेग्युलरवाल्यांना, म्हणजे पूर्णवेळ फौजेला, माणसं कमी पडली की त्यांच्या जागी आम्ही उभं राहायचं. काम तेच, जबाबदारी तीच, मान मात्र अर्धा! आमचा सार्जंट कॉलिन तर मला सरळ "लॅपटॉपवाली" म्हणायचा. परदेशातल्या मोठ्या एक्सरसाइजला, म्हणजे युद्धसरावाला, मला न्यायचं की नाही, हे त्याच्याच हातात होतं. आणि मला जायचंच होतं.

आमच्याकडे एक नियम देवपूजेसारखा पाळतात. प्रत्येक अवजारावर त्याच्या टूलबॉक्सचा नंबर कोरलेला, आणि बॉक्समधल्या फोममध्ये त्याच्याच आकाराची खाच. काम संपलं की सगळ्या खाचा भरलेल्या दिसल्याशिवाय हेलिकॉप्टर सोडायचं नाही. विसरलेला पाना आत कंट्रोल्समध्ये अडकला, तर वरची माणसं गेलीच.

त्या शनिवारी भर दुपारी मी काम संपवलं. बॉक्स भरलेला. कॉलिनने स्वतः तपासला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. इंजिन सुरू करण्याआधी पायलटने कंट्रोल स्टिक हलवून बघितली... आणि ती अर्ध्यातच अडली.

पॅनल उघडलं. कंट्रोल रॉडच्या सांध्यात पाना. पडलेला नव्हता हो — दाबून बसवलेला! त्यावर माझ्याच बॉक्सचा नंबर.

"चालती हो इथून!" कॉलिन ओरडला. "चार माणसं मारली असतीस!"

"आधी बॉक्स उघड," मीही तितक्याच जोरात ओरडले. "कुलूप तू लावलंयस ना?"

त्याने उघडला. खाच भरलेली होती. तोच पाना, तोच नंबर. पूर्वी कधीतरी माझ्या हातून पडून त्याचा टवका उडाला होता, तोही दोन्हींवर त्याच जागी. कॉलिनचा चेहरा पांढराफटक पडला. आतून काढलेला पाना मी हातात घेतला, तर कोमट लागला. कोणीतरी नुकताच हातातून ठेवल्यासारखा.

चौकशीत कॉलिनने सांगितलं, पाना एकच होता आणि खाच रिकामी होती. झालं! एक्सरसाइज गेली, युनिटही गेलं.

कार पार्कमध्ये मी त्याला गाठलं. "खोटं का बोललास?"

"मग काय सांगू? बॉक्स भरलेला असूनही पाना आत सापडतो? उद्या कोणतंही हेलिकॉप्टर कशाच्या भरवशावर सोडायचं?"

"आणि दुसरा पाना?"

"नदीत फेकला. पण दोन्हींपैकी कुठला फेकला, ते मला माहीत नाही."

मराठीत येतील तेवढ्या शिव्या मी त्याला घातल्या.

नवरा म्हणतो, तुला भास झाला. अरे, भासच असता तर कॉलिनला खोटं बोलायची गरज काय होती? बाकी कशाचाच अर्थ मला आजही लागत नाही.

चौकशी संपल्यावर राहिलेला पाना परत त्याच बॉक्समध्ये गेलाय, असं ऐकलं. माझ्या जागी नवीन मुलगी आलीय. तिला सांगायला मी युनिटला सारखे फोन करते... माझं नाव ऐकलं की ठेवून देतात.