पाण्याच्या दाबाचा काटा

आमच्या ह्यांनी विमान बांधायला घेतलं तेव्हा पिंप्राळ्यातल्या बायका मला विचारायच्या, "वहिनी, भाऊंचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणायची, "डोकं आहे हो, घरातली खाट तेवढी नाही. ती पंखांखाली गेली."

हे आखातात एका मोटार गॅरेजमध्ये कामाला होते. परत येताना लोकांनी टीव्ही आणले, व्हीसीआर आणले. ह्यांनी अपघातात चेपलेल्या जपानी गाडीचं रोटरी इंजिन आणलं! त्यात पिस्टन नसतो, आत तीन टोकांचा लोखंडी तुकडा गरगर फिरतो. लहान, हलकं, म्हणून विमानाला सोयीचं, असं ह्यांचं म्हणणं. घरामागच्या शेडमध्ये लाकूड, कापड आणि ह्यांचा हट्ट यांवर दोन माणसांचं विमान उभं राहिलं. मी तोंडाने खूप नावं ठेवली. पण खरं सांगते, त्या माणसाचे हात काम करताना बघत बसायला मला फार आवडायचं.

दसऱ्याच्या आधी इंजिन झकास चाललं. ह्यांनी त्याला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबाचा एक काटा बसवला होता. मला म्हणाले, "तुझा कुकरच समज. झाकण घट्ट असलं की आत दाब राहतो, आणि दाब असला की पाणी कितीही तापलं तरी उकळत नाही. दाब गेला की उकळलंच, आणि वर आभाळात इंजिन बंद."

दसरा झाला आणि काटा चढेनासा झाला. अर्ध्यावर जायचा नि बसायचा. जादा पाण्यासाठी लावलेल्या बाटलीत गरम पाणी भसाभसा यायचं. सगळं धुऊन नवं पाणी भरलं की दोन-चार दिवस ठीक, की पुन्हा तेच रडगाणं. मला तर त्या इंजिनाला लाथ घालावीशी वाटायची.

धुळ्याहून ह्यांचे एक मेकॅनिक मित्र आले. ऐकून, वास घेऊन म्हणाले, "आतलं रबरी कडं गेलं. इंजिनातला धूर पाण्यात शिरतो आणि पाण्याला बाहेर ढकलतो. खोला."

ह्यांचा चेहरा उतरला. ते कडं एकदा काढलं की परत बसत नाही, आणि नवं तेव्हा आपल्याकडे कुठे मिळायचं? खोललं की विमान संपलं.

"बाहेरचं सगळं निर्दोष ठरल्याशिवाय खोलणार नाही," हे म्हणाले.

सासूबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या खेड्यातल्या, घरात अहिराणीच बोलायच्या. "भाऊ, तुनं इंजिन बरं शे ना?" त्यांनी विचारलं. "बठ्ठं बरं शे, माय," हे म्हणाले. पण सगळं ठीक आहे यावर सासूबाईंचा काही विश्वास बसला नाही.

मग ह्यांची शोधाशोध सुरू झाली. एका वेळी एकच वस्तू, दुसरीला हात नाही. मी असते तर चार पाने एकदम फिरवले असते! सायकलच्या पंपाने रेडिएटरमध्ये हवा भरली आणि पंक्चर बघतात तसा तो हौदात बुडवला. बुडबुडा नाही. एकेक नळी साबणाच्या पाण्याने पुसली. काही नाही. चिडणं नाही, आदळआपट नाही. जेवायला बोलावलं की येऊन जेवायचे आणि परत जायचे. एवढा धीर देवाने ह्यांना दिला आणि माझ्या वाटचाही ह्यांनाच देऊन टाकला, असं मला वाटायचं.

शेवटी त्यांनी बंद इंजिनात पंपाने दाब भरला आणि झाकणापासून बाटलीकडे जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. ग्लासात बुडबुडे!

"अगं, इंजिन बंद आहे," हे एकदम ओरडले, "आतून ढकलायला धूरच नाही! रबर नाही गेलं, झाकण दाब धरत नाही!"

"पण झाकण तर नवं कोरं आहे," मी म्हणाले.

त्यांनी झाकण काढलं, बॅटरीचा झोत टाकला. ज्या कडेवर झाकणाचं रबर टेकतं, तिथे खोल आत काहीतरी चिकटलेलं. नखाने खरवडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. तांदूळ होता. शिजून, वाळून, खडा झालेला, कुंकवाने लाल.

अगं बाई! दसऱ्याला सगळ्या हत्यारांना वाहून झाल्यावर सासूबाईंनी इंजिनाच्या झाकणाआतही अक्षता टाकल्या होत्या. आणि ते आजारी पडलं म्हटल्यावर तर दर मंगळवारी, उपास करून; ताट घेऊन शेडकडे जाताना मीच त्यांना पाहिलं होतं. आम्ही धुवायचो, त्या टाकायच्या. मला हसू आवरेना, आणि तेवढाच रागही आला. "आत्ता जाऊन सांगते त्यांना," म्हणून मी उठले.

ह्यांनी माझा हात धरला. "नाही सांगायचं. ती त्याच्यासाठी उपास करते आहे." त्यांनी झाकणाला कडी लावली आणि इंजिनाशेजारी एक पितळी वाटी ठोकली. आईला म्हणाले, "माय, आता अक्षता इथे वाहायच्या." सासूबाईंनी आधी कडीकडे पाहिलं, मग वाटीकडे.

पहिलं उड्डाण धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर ठरलं. सासूबाई ताट घेऊन आल्या. इंजिनाला लांबूनच नमस्कार केला, वाटीपाशी थांबल्यासुद्धा नाहीत. सरळ ह्यांच्यापुढे आल्या आणि मूठभर अक्षता ह्यांच्या डोक्यावर टाकल्या.

"इंजिनना पोटमा नको आते," त्या म्हणाल्या. "तुना डोकावर ऱ्हाऊ दे."

ह्यांनी वाकून त्यांचे पाय धरले. मला तर बाई रडूच आलं.

विमान वर गेलं, दोन फेऱ्या मारून खाली आलं. हे उतरले, आधी आईकडे गेले. "काटा वर चढला तो हालला नाही, माय," म्हणाले. सासूबाई त्यांच्या केसांतले दाणे एकेक करून काढत होत्या.