शिराळ्याची नागपंचमी, मेक्सिको सिटीत

आईला घेऊन मेक्सिकोला जायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली: मधे नागपंचमी येते, ती चुकता कामा नये. आई माहेरची शिराळ्याची. धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, फौजेत गेल्यापासून त्याच्यासाठीची ही पूजा तिने एकदाही चुकवलेली नाही. सध्या तो सीमेवर आहे. मी म्हटलं, मेक्सिकोत दगडी नागांना तोटा नाही.

सांगलीहून बसने मुंबई, पुढे दोन विमानं. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तरी निघण्यापूर्वी नियम तपासा.

पहिल्या दिवशी मुख्य चौक पाहिला. मेट्रोने जा, स्वस्त पडते. पाचशे वर्षांपूर्वी इथे तळं होतं आणि तळ्यात अ‍ॅझ्टेकांची राजधानी. स्पॅनिश सैन्याने शहराचं पिण्याचं पाणी तोडलं. देवीच्या रोगाच्या साथीत माणसं आधीच मेली होती. मग घरं पाडून त्याच दगडमातीने कालवे बुजवले आणि देवळांच्या दगडांनी चर्च बांधलं. खालचा गाळ अजून दबतो आहे, त्यामुळे चर्च कललेलं दिसतं. मी स्थापत्य अभियंता, मला तेच पाहायचं होतं.

"मूठभर माणसांनी येवढं शहर घेतलं व्हय?" आईने विचारलं.

"आजूबाजूची राज्यं त्यांना मिळाली. अ‍ॅझ्टेक त्यांच्याकडून जबर खंडणी घ्यायचे."

"मग बराबर हाय. शेजारी दुखवून ठिवला की असंच हुतंय."

पूजेसाठी मी संग्रहालयातले दगडी नाग हेरून ठेवले होते. तिथेच चूक झाली. संग्रहालय सकाळी नऊला उघडतं. तेव्हा शिराळ्यात रात्रीचे साडेआठ.

"तिथी शिराळ्याचीच," आई म्हणाली. "दिवेलागणीच्या आत व्हायला पायजे."

रात्री नकाशात शोधताना एक सोय सापडली. चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या कोपऱ्यात, अगदी फुटपाथला लागून, अ‍ॅझ्टेकांच्या नागाचं डोकं आहे. जिंकणाऱ्यांनी कोनशिला म्हणून बसवलेलं. सकाळी साडेसहाला आम्ही तिथे पोचलो.

"आगं बया, नागोबाला भिताडात चिणलाय की मेल्यांनी."

"दगडाला हळद लावायची नाही," मी बजावलं. "जुना आहे."

"मग कुठं लावू? तुज्या डोक्याला?"

तिने मला नागाचा फोटो काढायला लावला आणि हळदकुंकू मोबाइलच्या काचेवर वाहिलं. लाह्या भिंतीशी कागदावर ठेवल्या. रस्ता झाडणारी एक बाई थांबून बघत होती. भाषांतराच्या अ‍ॅपवर मी तिला सांगितलं, भावासाठी आहे. ती म्हणाली, मलाही दोन आहेत. आईने आणखी दोन चिमटी लाह्या वाहिल्या.

त्या दिवशी चिरलेलं, तव्यावरचं वर्ज्य. गाड्यावरची उकडलेली मक्याची कणसं उत्तम; मेयोनीज नको असेल तर आधीच सांगा.

परतल्यावर महिन्याभराने मामा सुट्टीवर आला. सगळं ऐकून हसला.

"आक्के, ज्याला सोताचं गाव राखता आलं न्हाई, त्यो मला काय राखणार?"

आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"गाव गेलं रं. पर त्यो हाय न्हवं अजून."