कोगनोळीपर्यंत फुकट

निवृत्त झाल्यावर माणसाला दोनच गोष्टी सुचतात: तुळशीला पाणी घालणं, नाहीतर समाजाचं भलं करणं. तुळशीचं नशीब थोर, मी दुसरी निवडली.

निपाणीत सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी काढून निधी उभा केला. ज्यांचा विमा नाही आणि ज्यांचं इकडचं, कर्नाटकातलं आरोग्य कार्ड कोल्हापूरच्या दवाखान्यात चालत नाही, अशा पेशंटांना जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. बँकेत हयात गेल्यामुळे नियम करायची खाज मलाच. पहिल्याच बैठकीत मी मांडलं, "बायकांना आपल्याकडं सरकारी बस फुकट. तेव्हा भाडं फक्त पुरुषांना." टाळ्या पडल्या. घरी येऊन बायकोलाही ऐकवलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

पुढच्याच आठवड्यात तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई अर्ज घेऊन आली. छातीतली गाठ काढलेली, आता कोल्हापूरला रोज लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायची होती, महिनाभर, खंड न पाडता. मी चष्म्यावरून बघत म्हणालो, "आक्का, आधार कार्ड दाखवा नि बसा की बसमधी. तुमास्नी तिकीटच न्हाय!"

"व्हय अण्णा," म्हणून ती हात जोडून गेली. अर्जावर मी लाल शाईनं 'गरज नाही' असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.

पंधरा दिवसांनी चपला घ्यायला गाडीनं कोल्हापूरला निघालो. कोगनोळीचा टोलनाका ओलांडल्यावर बाजूच्या रस्त्यानं तीच बाई चालताना दिसली, डोक्यावर पदर, हातात फाईल. गाडी थांबवली.

"बस चुकली काय, आक्का?"

"न्हाय. कोगनोळीपतूर फुकट आलो की. फुडं म्हाराष्ट्र लागतोय. कागलपतूर चालतो, थितनं तिकडच्या बसनं अर्ध्या तिकिटात जातो."

सीमाप्रश्नावर तरुणपणापासून घसा बसेपर्यंत भाषणं ठोकली मी, आणि नेमकी सीमाच विसरलो!

"मग त्या दिवशीच सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमी एवढं शिकलेलं. तुमास्नी ठावं आसंल, असं वाटलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला गाडीत घेतलं, दवाखान्यात तिच्याबरोबर आतही गेलो. डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली. चालत पोचायला उशीर होऊन तिच्या लाइटच्या चार खेपा हुकल्या होत्या. मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे गेलं.

"काका, घरात गाडी असताना पेशंटला असं पाठवता? खंड पडला तर आजार उलटतो, कळतं का? तुम्ही यांचे कोण?"



"आमचं अण्णा हैत," ती घाईनं म्हणाली, "रागवू नगा त्यास्नी. त्यास्नी कामं लई असत्यात."