कोरायचा राहिलेला चेहरा

मुंबईतल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अठरा वर्षं काढली. तिथे एक काम मला विशेष जमत असे: माणूस जिवंत असतानाच त्याचा मृत्युलेख लिहून ठेवणे. बडी व्यक्ती आजारी पडली की मजकूर तयार करायचा आणि वयाची, तारखेची जागा मोकळी सोडायची. ज्यांचे लेख मी तयार ठेवले, त्यांतले काहीजण अजून सभांना अध्यक्ष म्हणून जातात. नोकरी सोडून अबुधाबीला मीच आलो.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी इथल्या संग्रहालयात मी एक रोमन शवपेटी पाहिली. संगमरवरी, दोन माणसांना उचलणार नाही अशी. दोन्ही टोकांना सिंह. मधल्या देखाव्यात एक मेंढपाळ झोपला आहे, चंद्रदेवी रथातून उतरून त्याच्याकडे येते आहे आणि पंखवाली पोरं तिच्या भोवती आहेत. शेजारच्या फलकावर अर्थ दिला होता: मरण म्हणजे झोप, आणि झोपलेल्याला भेटायला प्रेम करणारं कुणीतरी येत राहतं. मेंढपाळाला मात्र चेहरा नव्हता. मानेवर सोललेल्या बटाट्यासारखा दगड होता. अशा पेट्या कारखान्यात आधीच कोरून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की मयताचा चेहरा घडवत. इथे तो राहून गेला होता. का, ते कुणाला ठाऊक नाही. मी फोटो काढला आणि वहीत लिहिलं, ‘रोमन लोक मेल्यावरही रेडीमेड.’ वाक्य मला आवडलं. घरी येईपर्यंत आवडत होतं.

संध्याकाळी शेजारी आला. अल रीम बेटावरच्या एका इमारतीत आम्ही एकाच मजल्यावर राहतो. तो मूळचा रत्नागिरीच्या खाडीकाठचा. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात त्याचं लोखंडी गेट बनवायचं वर्कशॉप आहे. तीन आठवड्यांपूर्वी गावी त्याचे वडील वारले. दफन त्याच दिवशी झालं. हा दुसऱ्या दिवशी पोचला. आता येत्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, इथले गाववाले जमणार होते आणि वडिलांबद्दल चार शब्द त्याने वाचायचे होते. त्याला लिहिता येईना.

“मयतीला पोचलो नाही, साहेब,” तो म्हणाला. “हे तरी नीट होऊ दे.”

चहा निवायच्या आत मी लिहून दिलं. आतून बायकोने विचारलं, ओळखत होतास का त्यांना? मी म्हटलं, त्याची गरज नसते.

तो मोबाईलवर वाचत राहिला. मनमिळाऊ, मृदुभाषी, परोपकारी. आधारवड हरपला. वयाच्या जागी मी सवयीने कंस उघडून मोकळा सोडला होता.

“भाषा एकदम फर्स्ट क्लास आहे,” तो म्हणाला. “पण अब्बा मृदुभाषी? अख्खी खाडी हसेल.”

मी सारवासारव केली. अशा लेखांची पद्धत असते, असं सांगितलं. पुराव्यादाखल सकाळचा फोटो दाखवला आणि फलकावरचा अर्थ स्वतःचा असल्यासारखा ऐकवला. त्याने फोटो मोठा करून पाहिला.

“मग ही बाई बघते कुणाकडे?”

मी फोन परत घेतला. तोच पुढे म्हणाला, “गेट आम्हीपण रेडी ठेवतो, साहेब. पण नावाची पाटी व्हिला बघितल्याशिवाय कापत नाही.”

तेव्हा मी वही उघडली आणि पहिल्या दिवशी शिकाऊ बातमीदार करतो ते केलं: प्रश्न विचारले. वडील खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. शेवटची फेरी निघायच्या वेळी मागच्या उतारावर कुणी धावत येताना दिसलं की थांबायचे. आणि तो माणूस तरीत बसल्यापासून काठ येईपर्यंत त्याला शिव्या द्यायचे. कुणाला मागे ठेवून गेले असं कधी झालं नाही. वय विचारलं तर तो म्हणाला, पासपोर्टवरचं खोटं आहे आणि खरं त्यांनाही माहीत नव्हतं. मी कंस खोडला.

शुक्रवारी मी मागच्या खुर्चीवर बसलो. तो वाचायला उभा राहिला. शिव्यांपाशी म्हातारे गाववाले हसले. एकाने त्यांतली एक शिवी पुरवली आणि ती बरोबर निघाली. माझा मजकूर संपला तेव्हा कागद घडी करत त्याने पदरचं एक वाक्य घातलं.

“सगळ्यांसाठी थांबायचे. या खेपेला मला उशीर झाला, आणि शिव्या द्यायला ते नव्हते.”

 मग तो शिवी पुरवणारा म्हातारा उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बापाच्याच सुरात त्याला एक सणसणीत शिवी हासडली. तो हसला आणि रडायला लागला, दोन्ही एकदम.

डेस्कवर असतो तर ते शेवटचं वाक्य मी जागेअभावी कापलं असतं.