कलती केलेली गाडी

बायकोबरोबर रिक्षातून बाजारात जाताना रस्त्याकडेला एक माणूस दिसला. पेट्रोल संपलेली मोटारसायकल कलती करून टाकीच्या तळाचा शेवटचा घोट तो नळीकडे आणत होता. ही विद्या माझीही. घाटाघाटांतून कधी न पडलेला मी, गेल्या महिन्यात हेच करताना उभ्या गाडीखाली सापडलो आणि गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, "आता चालवू नका." बायको म्हणाली, "चालवताना कुठे पडले ते?" मलाही हसू आलं, पण त्या पायाने किक बसेना, तेव्हा काल गाडी विकायचं ठरवलं.

तीस वर्षं गाडीवर मागे बसलेल्या बायकोशी मी वाऱ्यात मान वळवून ओरडत बोललो. आत्ताही तो माणूस दाखवताना तसाच ओरडलो.

"हळू बोला," ती म्हणाली, "शेजारीच बसलेय मी."