तिसऱ्या पुकारेची हरकत

जयसिंग भालेराव भर उपासनेत उभे राहून रडायला लागले, तेव्हा मैनाबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता लवकर घरी जाणं काही होत नाही.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा: कोणाशी तेढ असेल तर ती मिटवून मगच प्रभूची भाकर घ्यायची. त्याआधी ज्याला साक्ष द्यायची त्याने द्यावी, अशी नव्या पाळकसाहेबांनी पद्धत पाडलेली. मैनाबाईंचा जन्म इस्पितळात नर्सगिरी करण्यात गेला. पेन्शन सुरू झाली, तरी पायांची सूज काही गेली नाही. रडणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली होती, की कोण दुखतंय म्हणून रडतंय आणि कोण लोक बघताहेत म्हणून, हे त्यांना लांबून कळायचं. जयसिंगरावांचं मात्र खरं वाटत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

जयसिंगराव म्हणजे त्यांचे चुलतदीर, मंडळीचे जुने पंच. "एका निरपराध मुलीवर मी आळ घेतला," ते म्हणाले. "प्रभूने मला क्षमा केली आहे. मंडळीनेही करावी."

मंडळी म्हणाली, आमेन. मंडळीचं काय जातंय? मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण सगळ्या माना मैनाबाईंकडे वळल्या.

ती मुलगी म्हणजे मैनाबाईंची तनुजा. नऊ वर्षांपूर्वी तिचं लग्न नगरकडच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. आपल्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार वाचतात: अमक्याचा अमकीशी विवाह ठरला आहे, कोणाची हरकत असल्यास सांगावी. हरकत कोणी घेत नसतं. लोक तेवढ्यात खोकून घेतात, चपला शोधतात. तिसऱ्या पुकारेला जयसिंगराव उभे राहिले आणि तनुजाचं नाव घेऊन म्हणाले, "ही मुलगी पहाटे परक्या पुरुषाबरोबर गाडीतून उतरते. तो तिला जिन्यापर्यंत सोडायला येतो. मी दोनदा पाहिलं आहे."

पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. तनुजा तेव्हा हडपसरला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची. गाडीत शेवटी मुलगी एकटी उरली, तर बरोबर रखवालदार द्यायचा आणि त्याने तिला दारापर्यंत पोचवायचं, हा तिथला नियम. रखवालदार बिचारा साध्या शर्टात असायचा. कारखान्यात हयात घालवलेल्या जयसिंगरावांना हे कुठून ठाऊक? पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा विक्रम तशाच नोकरीला लागला आणि घरी सगळं सांगायला लागला. तेव्हा जयसिंगरावांना कळलं. कळलं, आणि ते गप्प बसले. आळ चुकून घेतला होता. गप्प मात्र समजून उमजून बसले. तोवर नगरच्या मुलाकडच्यांनी लग्न मोडलं होतं आणि तनुजाने चर्चची पायरी सोडली होती.

पाळकसाहेब मैनाबाईंच्या बाकापाशी आले. "मैनाबाई, प्रभूच्या मेजाला जाण्याआधी भावाशी हात मिळवाल ना?"

"गुडघे धरलेत," मैनाबाई म्हणाल्या. "उठवत नाही."

त्या भाकरीलाही उठल्या नाहीत. मागून कोणीतरी "मन मोठं हवं" असं पुटपुटलं. लोकांना दुसऱ्याचं मन मोठं करायची भारी हौस. मैनाबाईंना वाटलं, इतकी वर्षं एकाने ओझं लपवलं, आता आपल्या मांडीवर आणून ठेवलं, आणि वर आपणच हसून घ्यायचं. कंटाळा आला त्यांना. इतका, की रागही पुरेना.

दुपारी जयसिंगराव हडपसरच्या फ्लॅटवर आले. फ्लॅट तनुजाचाच; मैनाबाई लेकीकडेच राहत. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती.

"वहिनी, मला क्षमा करा," ते दारातूनच म्हणाले.

"भावोजी, आधी बसा. आणि आळ माझ्यावर नव्हता. जिच्यावर होता ती समोर आहे."

जयसिंगराव तनुजाकडे वळले. झालेलं सगळं सांगून त्यांनी तिची क्षमा मागितली. तनुजाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, आज साक्ष देताना माझं नाव घेतलंत?"

"तुझी बदनामी नको, म्हणून नाही घेतलं."

"हरकत घेताना घेतलं होतंत."

जयसिंगराव म्हणाले, "पुढच्या रविवारी नाव घेऊन सांगतो. विक्रमकडून कळल्यावरही गप्प बसलो, तेही सांगतो."

"मी ऐकायला येईन," तनुजा म्हणाली. चहा न घेताच ते गेले.

मैनाबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना तिसऱ्या पुकारेनंतरचं घर आठवत होतं. तेव्हा चर्चमध्ये त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. घरी येऊन दार लावलं आणि लेकीला विचारलं होतं, "खरंय का गं?" तनुजाने रखवालदाराचा नियम समजावून सांगितला. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्या खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या, गाडी बघायला. याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. सकाळपासून त्या क्षमा करायची की नाही, याचाच घोळ घालत होत्या, जशी काही ती फक्त त्यांनीच द्यायची वस्तू.

"तनू," त्या म्हणाल्या, "मी त्या पहाटे खिडकीत उभी होते."

"माहीत आहे. मी खालून पाहिलं होतं."

"चुकलं माझं. तू सांगितल्यावरही माझा विश्वास बसला नव्हता. आज कोणी म्हणालं म्हणून नाही सांगत. तेव्हाच सांगायला हवं होतं."

तनुजाने लॅपटॉप मिटला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता.

"काकांना मी माफ करून टाकीन, आई. ते काय, काका आहेत. तुझ्या बाबतीत मला वेळ लागेल."

मैनाबाईंना ते जिव्हारी लागलं. समजूत काढायला त्या उठल्या नाहीत, जवळही गेल्या नाहीत.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "तोवर मीही भाकरीला जात नाही."